काचेतले म्हातारपण

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर. आपल्या या दोन तालुक्यांतल्या कोणत्याही बऱ्यापैकी गावात जा, एखादी तरी काचेची टाकी नजरेला पडतेच. दातांच्या दवाखान्यात, पतसंस्थेच्या काउंटरशेजारी, नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात. त्या टाकीत बहुधा दोन-चार एंजल मासेही असतात. पतंगासारखे चपटे, वर-खाली लांब पर सोडलेले, घाई म्हणून कसली ती नाही. पाहुणे त्यांचे कौतुक करतात, मुले काचेला नाक लावतात. पण या माशाचे वय काय, असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

खरे तर हा मुलूख जनावराचे वय ओळखणाऱ्यांचा. बेल्ह्याच्या बैलबाजारात जाणता माणूस बैलाचा ओठ वर करतो आणि दोन दाती, चार दाती की जुळलेला, ते एका नजरेत सांगतो. माशाच्या बाबतीत ही सोय नाही. दुकानातून येताना एंजल रुपयाच्या नाण्याएवढा असतो. वर्षभरात परांसकट वीतभर उंच होतो आणि पुढे तसाच दिसत राहतो. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा नीट सांभाळला तर दहा वर्षे जगतो, एखादा त्याहूनही जास्त. पहिलीतल्या मुलासाठी आणलेला मासा त्याच्या दहावीच्या परीक्षेपर्यंत घरात असू शकतो. विकणारा हे सांगत नाही, घेणारा विचारत नाही.

मग सहाव्या-सातव्या वर्षी मासा एका अंगावर कलू लागतो, डोळ्यावर पांढुरकी साय येते, रंग उडतो, आणि एका सकाळी तो पाण्यावर तरंगताना दिसतो. त्यावर घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले.’ हे वाक्य मी अनेक घरांतून ऐकले आहे. त्यामागची माया खोटी नाही, पण मला ते पटत नाही. संकट माशावर आलेले असते आणि बहुतेक वेळा ते त्याच टाकीतले असते. माशाला पुण्य देऊन आपण पाण्याची चौकशी टाळतो.

म्हातारपणाची म्हणून काही दुखणी खरोखरच असतात. पोटातल्या वाताशयाचे काम बिघडले की तोल जातो. मोतीबिंदू झालेल्या माशाला दाणे दिसत नाहीत, ते वासावर शोधावे लागतात. मादीच्या पोटात अंडी अडकून राहतात, कधी गाठी होतात. जलोदर झाला तर अंग फुगून खवले उभे राहतात, आणि त्यातून मासा क्वचितच वाचतो. सतत भरपूर खायला घातलेल्या माशाच्या यकृतात चरबी साठते. (पाहुण्यांचे प्रत्येक पोर चिमूटभर दाणे टाकून जाते, त्याचा हा हिशेब.) त्यातून एंजल मुळात हद्द राखणारा मासा. एक थकला की टाकीतले इतर त्याला कोपऱ्यात दाबतात. अशा वेळी मधे जाळीचा आडपडदा घालून दाणे रोज एकाच जागी टाकले, तर आंधळा मासाही कित्येक महिने सुखाने जगतो.

पण म्हातारपणाच्या नावावर खपणारी पुष्कळ दुखणी माशाची नसून पाण्याची असतात, आणि मुद्दा इथेच आहे. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट साठत जाते, पाणी हळूहळू आम्ल होते, आणि ते इतके आम्ल झाले की जीवाणूंचे कामही मंदावते. अमोनिया उरतो, पण आम्ल पाण्यात त्याचे रूप कमी विषारी असते. जुना मासा या बदलाला कणाकणाने सरावलेला असतो. तो जगतो, पण जेमतेम. त्याच पाण्यात नवा मासा सोडला तर तो दोन दिवसांत मरतो आणि आपण दुकानदाराला बोल लावतो.

आता दिवाळी येते. घर झाडताना टाकीही उपसली जाते. तळातली वाळू धुतली जाते, फिल्टर नळाखाली खंगाळला जातो, आणि टाकीत बोअरचे स्वच्छ, गार पाणी भरले जाते. आपल्या काळ्या खडकातले हे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. सारे पाणी बदलले तर जुन्या माशाला त्याचा धक्का बसतो. निम्मेच बदलले तर उरलेल्या पाण्यातला अमोनिया पुन्हा विषारी रूप घेतो. जीवाणू तर आपणच धुऊन काढलेले असतात. भाऊबीजेच्या आत मासा जातो आणि संकटाचे ते वाक्य पुन्हा ऐकू येते.

याला औषध बाटलीत मिळत नाही. दर आठवड्याला चौथाई पाणी बदलावे, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेले. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळावा. बरेच महिने दुर्लक्ष झालेली टाकी असेल तर रोज थोडे थोडे बदलत महिनाभरात ती ताळ्यावर आणावी. डिसेंबरात आपल्याकडे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि एंजलला तर पंचवीस अंशांच्या वरचे पाणी लागते. तेव्हा हीटर ही चैन नव्हे. वीज गेली तर टाकीभोवती जुने ब्लँकेट गुंडाळावे. आमच्या मंचरच्या घरी एंजलची एक जोडी नवव्या वर्षात आहे. त्यात आमचे कौशल्य काही नाही, रविवारच्या दोन बादल्या आहेत.

मधे त्यातल्या मादीचे पोट फुगले, तेव्हा विचारपूस केली. गुरांच्या डॉक्टरांनी मनापासून ऐकले आणि हसून हात जोडले. गायी, शेळ्या आणि कोंबड्या यांतच त्यांचा दिवस जातो. दुकानात गेलो, तर उत्तर मिळाले, ‘साहेब, दोनशे रुपयांत नवा मिळेल.’ मला राग आला तो या उत्तराचा. नागपूरचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ 2000 सालचे आहे, रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय त्याहून जुने. शिकलेली माणसे आहेत, पण ती घरातल्या टाकीपर्यंत पोहोचत नाहीत. निदान विक्रेत्याने तरी टाकीवर माशाचे आयुष्य आणि पूर्ण वाढ लिहून लावावी. त्याला कायदा कशाला हवा?

दुखण्याइतका जीव असतो का माशाला, असे विचारणारे भेटतात. त्यांना मी माणिकडोहची आठवण देतो. जुन्नरपासून हाकेच्या अंतरावर 2002 पासून बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. जंगलात परत सोडता न येणारे बिबटे तिथे पिंजऱ्यात म्हातारे होतात, आणि त्यांचे डोळे, दात, सांधे बघायला डॉक्टर असतात. बिबट्याची भीती वाटते म्हणून त्याचे म्हातारपण बातमीत येते. मासा ओरडत नाही आणि चावतही नाही, एवढाच फरक. कोंडणारे हात दोन्हीकडे माणसाचेच.

मासा खातच नसेल, कणा वाकत चालला असेल, तर माशांच्या क्षयाची शंका घ्यावी. हे जंतू हातावरच्या जखमेतून माणसालाही फोड आणतात, म्हणून खरचटलेला हात टाकीत घालू नये, मधुमेह्यांनी तर मुळीच नाही. बरे होण्याची आशा संपली असेल, तर मासा जिवंतपणी संडासात ओतणे किंवा जमिनीवर टाकणे हा क्रूरपणा आहे. लवंगाचे तेल माशाला गुंगी आणते. ते थोड्या कोमट पाण्यात खूप घुसळून, वेगळ्या भांड्यातल्या टाकीच्याच पाण्यात हळूहळू घालावे. मासा झोपला की आणखी घालावे, आणि कल्ले थांबल्यानंतरही निदान अर्धा तास हात लावू नये. मग परसात खोल पुरावा.

मात्र ‘सोडून देऊ, पुण्य लागेल’ म्हणून आजारी मासा कुकडीच्या पात्रात किंवा डिंभ्याच्या जलाशयात सोडू नका. हिवाळ्यात तो तिथे गारठेल आणि त्याचे रोग पाण्यात राहतील. डिंभ्याच्या पाण्यातली मासेमारी ही तिथल्या धरणग्रस्त आदिवासी कुटुंबांची रोजीरोटी आहे. आपल्या कुकडीचे आणि घोडचे पाणी पुढे भीमेला मिळून उजनीत जाते. टाक्यांतली शेवाळ खायला म्हणून आणलेला, अंगाला काटेरी कवच असलेला सकर मासा त्या उजनीत पोहोचलेला आहे. तो जाळ्यात अडकला की सोडवता सोडवता जाळे फाटते, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही.