निळा फलक आणि पडका वाडा

पुणे महापालिकेने नामवंतांच्या जुन्या घरांवर निळे फलक लावले, हे छानच झाले. विदर्भातल्या किन्हीराजाहून शिकायला गेलेला पोरगा पेठेतून जाताना मान वर करतो, विजेच्या तारांमागचे नाव वाचतो आणि त्या अंधाऱ्या जिन्याकडे क्षणभर बघत राहतो. पण फलकाने भिंत वाचत नाही. लंडनमध्ये १८६७ साली कवी बायरनच्या जन्मघरावर फलक लागला. १८८९ मध्ये ते घरच पाडले. आपल्याकडे तर पुनर्विकासाची घाई! आणि विदर्भाचे काय? चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरवले. त्यांच्या नावाची पाटी नागपुरात ठळक हवी, पुढाऱ्यांच्या फ्लेक्सआड न झाकली जाणारी.