सगळ्यांचीच गेली आहे

वीज जाण्याची कारणे गेल्या दहा-पंधरा वर्षांत बदलली आहेत. महाराष्ट्रात 2005 नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. ते जाचक होते, पण त्याला वेळापत्रक होते. दळण सकाळी टाकायचे की संध्याकाळी, हे त्यावरून ठरवता येई. आता वीज जाते ती बहुतेक वेळा हवामानामुळे, आणि सांगून जात नाही. पारा चाळिशीपलीकडे गेला की रात्रीही पंखे-कूलर थांबत नाहीत, रोहित्राला, म्हणजे डीपीला, निवायला सवड मिळत नाही आणि ती जळते. वळवाचा वारा सुटला की बाभळीची फांदी तारेवर येते, खांब वाकतात, जंपर तुटतात. पुरात उपकेंद्रच पाण्याखाली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीने ते पाहिले. दुष्काळही यातून सुटत नाही: पाणी नाही म्हणून परळीचे औष्णिक वीज केंद्र 2013 मध्ये बंद ठेवावे लागले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले.

लाईट गेली की माणूस आधी दारात येऊन शेजारी डोकावतो. तिथेही अंधार दिसला की निर्धास्त होतो: सगळ्यांचीच गेली आहे. तक्रारीला उत्तरही हेच मिळते. वर्षभर हे वाक्य कानावर पडत राहिले, आणि ते खरे नाही. वीज एकाच क्षणी जाते. परत येते ती ठरलेल्या क्रमाने, आणि तोवर कोणाचे काय बिघडते याला तर काही मापच नाही.

सुप्याचा परिसर हे नीट दाखवतो. चौफुला-मोरगाव रस्त्यावरचे हे गाव बारामती तालुक्याच्या जिराईत पट्ट्यात येते. नीरेच्या कालव्याचे पाणी इथे पोहोचत नाही. भरवसा जनाई-शिरसाई उपसा योजनेचा. उपसा म्हणजे पंप आणि पंप म्हणजे वीज, त्यामुळे इथे लाईट गेली की पाणीही जाते. नळयोजनेची टाकी रिकामी झाली की हातपंप उरतो. ज्याला कुबड्या सोडून उभे राहता येत नाही, त्याच्यासाठी तो नसल्यातच जमा. मे 2025 मध्ये याच तालुक्यात उलटे झाले. जून उजाडण्याआधीच बारामती-इंदापुरात असा पाऊस कोसळला की नीरा डावा कालवा पिंपळी-लिमटेकजवळ फुटला आणि एनडीआरएफची पथके बोलवावी लागली. पुढे सप्टेंबरात सोलापूरकडे सीना नदीच्या काठाने पूर पाहिला.

दुरुस्तीचा क्रम तांत्रिक असतो आणि त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. आधी उपकेंद्राची वाहिनी, मग जास्त ग्राहकांचा फीडर, मग एकेक डीपी. पण राज्यात गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर वेगळे केलेले आहेत. गावठाणात राहणाऱ्याला चोवीस तासांच्या पुरवठ्याची आशा धरता येते. रानातल्या वस्तीवर, मळ्यात, धनगरवाड्यावर राहणारे घर बहुधा शेतीच्या तारेवर असते: मोटारींसाठी ठरावीक तास थ्री फेज, उरलेला वेळ सिंगल फेज, तीही असली तर. गावाबाहेर कोण राहते, हे महाराष्ट्रात जातीने आणि जमिनीच्या तुकड्याने फार पूर्वी ठरवून टाकले आहे. म्हणून वादळानंतर कोणाचा दिवा शेवटी लागणार हे वादळाच्या आधीच ठरलेले असते. तो क्रम तांत्रिक आहे म्हणून न्याय्य ठरत नाही.

आता त्या शेवटच्या घरात काय होते ते पाहावे. चुलीच्या धुरात उभा जन्म काढलेल्या बाईची फुप्फुसे निकामी होत जातात आणि डॉक्टर घरी ऑक्सिजनचे यंत्र ठेवायला सांगतात. मिनिटाला पाच लिटर देणारे यंत्र साधारण 350 वॅट वीज खाते. लाईट गेली की ते एकसुरी वाजू लागते आणि काचेच्या नळीत तरंगणारी गोळी खाली बसते. घरात इन्व्हर्टर असेल आणि त्याची 150 अँपिअर-तासांची बॅटरी नवी असेल, तर साडेतीन तास निभतात. जुनी असेल तर त्याच्या निम्मेही नाही. बहुतेक वस्त्यांवर इन्व्हर्टर नसतोच. मणक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेल्याची हवेची गादी बसते, आणि दर दोन तासांनी त्याला हाताने कुशीवर वळवावे लागते, रात्रभर, नाहीतर पाठीला जखमा होतात. मणक्याची इजा वरच्या भागात असेल तर इजेखालच्या अंगाला घामच येत नाही. अशा माणसासाठी मे महिन्यातला पंखा हे औषध असते. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही शरीराची उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. इन्शुलिनच्या न फोडलेल्या बाटल्यांना दोन ते आठ अंशांची थंडी लागते. अंधाला अंधाराचे काही वाटत नाही हे खरे, पण बोलणारा मोबाईल बंद पडला की त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. कर्णबधिराला रात्री खुणा दिसत नाहीत आणि ओठही वाचता येत नाहीत.

दवाखान्यातली बरीचशी शुश्रूषा आता घरात आली आहे. दवाखान्याला जनरेटर असतो. घराला तो कोणी देत नाही.

ज्यांना मीटरच नाही, त्यांची गणना कुठेच होत नाही. दिवाळी झाली की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. उसाच्या चिपाडावर वीज तयार होते आणि कोपीत मोबाईलच्या उजेडात भाकरी थापली जाते. कोपीत एखादे अपंग मूल असते, मागे गावी ठेवायला कोणी नाही म्हणून आणलेले. केंद्राच्या 2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमांत अखंड पुरवठ्याची आणि भरपाईची तरतूद आहे. पण ती ग्राहकासाठी, आणि ग्राहक तो ज्याच्या जागेला वीजजोडणी आहे. शिवाय वादळ-पूर ही आपत्ती ठरली की विलंबाच्या भरपाईचे बंधन सुटते. म्हणजे ज्या दिवसांसाठी हा हक्क सर्वांत जास्त हवा, त्याच दिवसांत तो मिळत नाही.

कायदा मात्र एका ठिकाणी स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 8 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवायची आहे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवायची आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले. ती आता जुनी संख्या झाली, आणि संख्या म्हणजे यादी नव्हे. कोणत्या डीपीवर कोणाच्या घरी श्वासाचे यंत्र आहे, हे लिहिलेला कागद वायरमनच्या हातात असायला हवा.

ब्रिटनमध्ये वीजवितरण कंपन्यांकडे अशा ग्राहकांची नोंदवही असते. नाव घालायला पैसे पडत नाहीत, आणि वीज बंद ठेवायची असेल तर त्यांना आधी कळवले जाते. यादीने सगळे सुटते असे नाही. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर 2019 मध्ये वणव्याच्या भीतीने लाखो ग्राहकांची वीज मुद्दाम तोडली गेली. घरी वैद्यकीय उपकरण असलेल्यांची नोंद तिथे होती, तरी नोंद नसलेले लोक बॅटरीच्या शोधात फिरत राहिले. टेक्सासमध्ये फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात मोठ्या प्रमाणावर वीज गेली; त्या वादळात अधिकृत आकड्याप्रमाणे 246 माणसे दगावली.

सुप्यासारख्या गावात ही यादी करणे अवघड नाही. कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कोणाला यंत्र लागते, हे आशा सेविकेला घरटी ठाऊक असते. एप्रिलमध्ये तिने यादी द्यावी, ग्रामपंचायतीने तीत वस्त्या आणि पालेही घालावीत, आणि महावितरणच्या शाखा कार्यालयाने प्रत्येक नावापुढे डीपीचा क्रमांक लिहून ती मान्सूनपूर्व दुरुस्तीच्या कामाला जोडावी. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करावाच लागतो. त्यातून आठ तास चालणारी बॅटरी आणि शाळेच्या इमारतीत सौर पॅनेलवरची एक खोली होऊ शकते: इन्शुलिनसाठी फ्रिज, चार्जिंगचे चार सॉकेट आणि दाराला उतरण. ग्रामसभेत हा विषय यायचा तर मागणारा माणूस सभेपर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणून पहिली ग्रामसभा वस्तीवर घ्यावी.