आराखड्याबाहेरचा माणूस

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो विकत घ्यायला कोणी पुढे आले नाही. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लक्ष्मणराव रेखांकनात कच्चे होते, असे म्हणण्याची सोय नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखांकनच शिकवीत असत. बढतीत डावलले गेल्यावर ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलींचे दुकान, कडबा कापण्याची यंत्रे आणि मग नांगर असा तो प्रवास १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर, किर्लोस्करवाडीत येऊन स्थिरावला. वर्गात रेखांकन शिकविणाऱ्या या माणसाला वस्तू आणि ती वापरणारा यांच्यामधले अंतर मात्र गिऱ्हाइकावाचून पडून राहिलेल्या त्या नांगरानेच दाखविले.

औद्योगिक डिझाइनच्या शिक्षणात आज ज्याला ‘लाइव्ह प्रोजेक्ट’ म्हटले जाते, त्याचे मर्म या अनुभवात आहे. एखादा कारखाना आपली खरीखुरी अडचण घेऊन विद्यालयाकडे येतो. विद्यार्थ्यांचा गट एका सत्रात त्यावर काम करतो आणि शेवटी नमुना तयार करून कारखानदारासमोर ठेवतो. डिझाइन म्हणजे कपड्यांची फॅशन किंवा वस्तूला शेवटी लावायचा मुलामा, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतूनही अजून पुरता गेलेला नाही. मुलगा वा मुलगी या शाखेला जाते म्हटल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न त्याच समजातून येतो. प्रत्यक्षात मिक्सरचे झाकण, लोकलच्या डब्यातली पकडण्याची कडी, रुग्णालयातील खाट, शेतातील अवजार या साऱ्यांना कोणीतरी आकार दिलेला असतो. आणि तो चुकला तर रोज हजारो माणसांच्या हातांना, पाठीला आणि डोळ्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

वर्गातील काल्पनिक प्रकल्पात ही किंमत दिसत नाही. तिथे प्लास्टिकची वस्तू संगणकाच्या पडद्यावर हवी तशी वळविता येते. कारखान्यात गेल्यावर साच्याचा कारागीर विचारतो, “ही भिंत सरळ उभी आहे, वस्तू साच्यातून सुटणार कशी?” भिंतीला किंचित उतार द्यावा लागतो, जाडी सर्वत्र सारखी ठेवावी लागते, नाहीतर थंड होताना पृष्ठभागावर खड्डे पडतात, हे मग विद्यार्थ्याला उमगते आणि जन्मभर विसरत नाही. एक साचा करायला लाखो रुपये लागतात आणि एकदा पोलाद कापले की ते पुन्हा जोडता येत नाही, ही जाणीव कोणत्याही परीक्षेतून येणारी नव्हे. कारखानदाराने सांगितलेली अडचण ही पुष्कळदा खरी अडचण नसते, हेही त्याला तिथेच कळते. ‘मूठ देखणी करून द्या’ म्हणून काम येते. आणि चार दिवस कामगारांशेजारी उभे राहिल्यावर लक्षात येते की, मूठ ठीकच आहे, वजनाचा तोल चुकला आहे.

या पद्धतीची परंपरा आपल्याकडे आली ती मुख्यतः जर्मनीतील उल्म येथील विद्यालयाकडून. १९५३ ते १९६८ एवढेच आयुष्य लाभलेल्या या संस्थेने उद्योगांची कामे घेण्यासाठी स्वतंत्र विकासगट उभे केले होते. लुफ्तान्सा या विमानकंपनीच्या दृश्यरूपाचे काम १९६२ मध्ये अशाच एका गटाने केले. निक रोएरिख्ट या विद्यार्थ्याने १९५९ मध्ये पदविकेसाठी एकावर एक रचता येणारी उपाहारगृहातील भांडी केली. ती पुढे कारखान्यात उत्पादनाला गेली आणि कित्येक दशके विकली जात राहिली. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा उल्मच्या अध्यापकांचे साहाय्य तिला मिळाले. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९ मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक डिझाइन केंद्राच्या, म्हणजे आय.डी.सी.च्या उभारणीत ज्यांचा सिंहाचा वाटा आहे, ते प्रा. सुधाकर नाडकर्णी जे.जे. कला महाविद्यालयानंतर उल्मलाच शिकले होते. पुढे गुवाहाटीच्या आय.आय.टी.मध्येही डिझाइनचा विभाग त्यांनीच उभा केला.

पद्धत बाहेरून आली असली तरी तिची फळे अस्सल इथली आहेत. दूरदर्शनचे बोधचिन्ह हे त्यातील सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. सत्तरच्या दशकात हे सरकारी काम अहमदाबादच्या संस्थेकडे आले, अध्यापकांबरोबर विद्यार्थ्यांनीही त्यावर हात चालविला आणि देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने काढलेल्या दोन वक्राकृती निवडल्या गेल्या. ज्या घरांत तेव्हा संध्याकाळी दूरचित्रवाणी संच सुरू होत असे, त्या घरांतील कोणालाही तो फिरत स्थिर होणारा डोळा आज आठवायला सांगावा लागत नाही.

दुसरे उदाहरण इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्राचे. १९८२ मध्ये केरळातील परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर या यंत्राचा पहिला प्रयोग झाला, १९९८ मध्ये तीन राज्यांतील १६ विधानसभा मतदारसंघांत ते वापरले गेले आणि २००४ ची लोकसभा निवडणूक सर्वत्र त्यावर झाली. या यंत्राचे औद्योगिक डिझाइन आय.डी.सी.च्या प्रा. ए. जी. राव आणि प्रा. रवी पूवय्या यांचे आहे. हे काम विद्यार्थ्यांचे नव्हे, अध्यापकांचे. पण ज्या विभागात शिकविणारेच असे काम करतात, तिथल्या वर्गाची हवा वेगळी असते. आणि या कामात एक फार मोठा धडा आहे. यंत्र बनविणाऱ्या सार्वजनिक कंपन्या होत्या, मागणी निवडणूक आयोगाची होती. पण यंत्रासमोर उभी राहणार होती ती वाड्यावस्तीवरची म्हातारी, जिला अक्षरओळख नाही आणि जिने आयुष्यात विजेचे बटण क्वचितच दाबले असेल. म्हणून प्रत्येक नाव आणि चिन्ह यांच्या शेजारी त्याचेच एक ठळक निळे बटण. वीज नसलेल्या गावातही चालावे म्हणून बॅटरी. उचलून नेता यावे म्हणून मुठीची पेटी. मतपत्रिकेवर शिक्का मारणाऱ्या हाताची सवय फार न मोडता नवे यंत्र त्या हाताखाली आणायचे होते. पैसे देणारा एक आणि वापरणारा दुसरा, हे इथे प्रारंभापासून ध्यानात ठेवले गेले.

नेमके हेच ध्यान आज सुटत चालले आहे काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. गेल्या वीस वर्षांत पुण्या-मुंबईसह सर्वत्र डिझाइनची खासगी महाविद्यालये उभी राहिली, आणि ‘उद्योगांबरोबर लाइव्ह प्रोजेक्ट’ ही ओळ प्रत्येक माहितीपत्रकात ठळक अक्षरांत झळकू लागली. त्यामागे काय असते, हे पालकांनी एकदा बारकाईने पाहावे. कित्येक ठिकाणी कंपनी आपले बिनमहत्त्वाचे, रखडलेले काम विद्यार्थ्यांपुढे टाकते, तीस मुलांच्या तीस कल्पना एका दुपारी पाहते, छायाचित्रे घेते आणि निघून जाते. पुढे त्यातील काय वापरले गेले, हे कोणालाच कळत नाही. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असल्याने विद्यार्थ्याला स्वतःचे काम नोकरीच्या मुलाखतीतही दाखविता येत नाही. शुल्क भरतो तो विद्यार्थी आणि कल्पना फुकट मिळतात त्या कंपनीला! याला शिक्षण म्हणायचे की वेठबिगारी?

कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. डिझाइन कायदा २००० प्रमाणे योग्य मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या डिझाइनचा मालक तो दुसरा ठरतो; एरवी ते ज्याने केले त्याचे. नोंदणी झाल्यास हे संरक्षण १० वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे टिकते. म्हणजे ज्या कंपनीने दमडीही दिली नाही, तिचा हक्क गृहीत धरण्याचे कारण नाही. पण प्रवेशाच्या वेळी कागदांच्या चळतीत कोणत्या कागदावर सही केली, हे किती मुलांना आठवत असेल? काम सुरू होण्यापूर्वी मोबदला, नामोल्लेख आणि मालकी या तीन गोष्टी लेखी ठरल्या पाहिजेत. हा आग्रह विद्यार्थी धरू शकत नाही. तो अध्यापकानेच धरायचा असतो.

मात्र पैशाचा हिशेब चोख झाला म्हणजे सारे साधले, असे नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्याची कारणे अनेक होती. औषधांचे मिश्रण, देखरेखीचा अभाव, उपचारांतील विलंब. पण पाठीवरचा पंप, हातातली नळी, नाकावरचे फडके आणि उंच वाढलेली कपाशी यांचा मेळ हा डिझाइनचाही विषय होता, हे क्वचितच कोणी बोलले. विदर्भाच्या उन्हात जो मुखवटा पाच मिनिटे सोसवत नाही, तो निर्दोष असूनही निरुपयोगी आहे. टाकी भरताना औषध पाठीवर सांडते, कारण झाकण ज्या बाजूला आहे तिथे एकट्या माणसाचा हात पोहोचत नाही. ही गोष्ट कंपनीच्या बैठकीत कोणी सांगणार नाही, कारण पंप पाठीवर घेणारा मजूर त्या बैठकीत नसतो. बहुधा तो पंपाचा खरेदीदारही नसतो. अशा पंपाचे काम विद्यालयाकडे आले आणि कंपनीने ‘रंगसंगती आणि आधुनिक रूप’ एवढेच मागितले, तर विद्यार्थ्यांनी काय करावे? जे मागितले ते करून गुण घ्यावेत, की बांधावर जाऊन आठ दिवस त्या मजुराबरोबर चालावे?

दुसरा मार्ग कंपनीला गैरसोयीचा असू शकतो. इथे अध्यापकाची कसोटी आहे. कारखानदार हा पाहुणा आहे, त्याचा मान राखायचा. पण अभ्यासक्रमाची सूत्रे त्याच्या हाती द्यायची नाहीत. विद्यार्थ्याने शेवटी ‘तुम्ही मागितलेली वस्तू नकोच, दुसरी हवी’ असे उत्तर आणले आणि ते पुराव्याने मांडले, तर त्याला पैकीच्या पैकी गुण देण्याची धमक विद्यालयात हवी. नमुना फसला तरी का फसला हे ज्याने नीट सांगितले, त्याचे सत्र वाया गेले असे मानता कामा नये. सोळा-अठरा आठवड्यांत बाजारात जाण्याजोगी वस्तू तयार होत नाही, हे कारखानदारालाही आधीच स्पष्ट सांगावे. जो एवढे ऐकून घेत नाही, त्याचे काम नाकारलेले बरे.

असे ऐकून घेणारे कारखानदार मोठ्या कंपन्यांपेक्षा लहान उद्योगांत अधिक सापडतील. कोल्हापूरच्या ओतशाळा, इचलकरंजीचे यंत्रमाग, नगर-नाशिकमधील शेतीअवजारांचे छोटे कारखाने यांच्याकडे स्वतःचा डिझाइन विभाग नसतो. परदेशी नमुना आणून त्याची नक्कल करणे, हाच बहुतेकांचा डिझाइन विभाग! २००७ च्या राष्ट्रीय डिझाइन धोरणानंतर, २०१० मध्ये लघुउद्योगांसाठी केंद्राची डिझाइन क्लिनिक योजना अहमदाबादच्या संस्थेमार्फत सुरू झाली. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी लहान कारखान्यांसाठी केलेल्या प्रकल्पांना साहाय्य देण्याची तरतूद तीत होती. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २०२२ च्या नव्या योजनेतही डिझाइनचा भाग ठेवला आहे. अशी तरतूद आहे, हेच अनेक कारखानदारांच्या गावी नाही आणि महाविद्यालये बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या नावांमागे धावत आहेत, कारण माहितीपत्रकात ती नावे शोभतात. कोल्हापूरच्या ओतशाळेचे नाव तिथे छापायला कोणते महाविद्यालय तयार होईल?

जिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांच्या संघटनांनी जवळच्या डिझाइन महाविद्यालयाला स्वतःहून पत्र लिहिले, तर ही कोंडी फुटू शकेल. पत्रात आपली अडचण लिहावी, देता येईल तो मोबदला लिहावा. आणि वस्तू जो वापरतो त्या माणसाकडे विद्यार्थ्यांना किती दिवस नेता येईल, हेही लिहावे.