लाल रेषेवरचे जोते

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठल्या उठल्या विचारतो, राजाराम बंधारा किती फुटांवर? 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असते. 2019 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये पंचगंगेने तिथे 55 फूट ओलांडले. महापूर ओसरला की आलमट्टीच्या विसर्गावर वाद रंगतो. ते धरण कर्नाटकात असल्याने हा वाद सोयीचाही आहे. आपल्याच बांधकाम परवान्यांची चर्चा मात्र मागे राहते.

निळी पूररेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द; लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हटले की आपल्या हयातीत काही तो यायचा नाही, असे वाटते. खरे तर ही दरवर्षीची एक टक्का शक्यता आहे. 20 वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत लाल रेषेवरच्या घराला असा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता 18 टक्के, निळ्या रेषेवर 56 टक्के. शिवाय हा हिशेब जुन्या नोंदींवर बेतलेला. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. तापत्या हवेत बाष्प जास्त मावते, त्यामुळे असा पाऊस वाढत जाणार. मग एकदा आखलेली रेषा कायमची कशी मानायची?

राज्याच्या 2020च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला वाट ठेवली आहे. अट एवढीच की जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच हवे. यात घर वाचते, हे खरे. पण जोते उंच करायचे म्हणजे बहुतेक ठिकाणी मुरमाचा भराव आला, आणि भरावाने अडवलेली जागा पाणी दुसरीकडे शोधते. कोल्हापुरातल्या जयंती नाल्याला पंचगंगेची फूग चढते तेव्हा पाणी आधीच वस्तीत घुसत असते. त्यात वरचा प्लॉट भरला की खालच्या गल्लीत आणखी इंचभर पाणी. उंच जोत्यावरचे कुटुंब कोरडे राहते, मात्र दूध आणि औषधासाठी त्याला बोटीचीच वाट पाहावी लागते. भरावाऐवजी खांबांवरच्या इमारतींची सक्ती झाली, तर निदान पाण्याची जागा तरी शाबूत राहील.

रेषा आखते जलसंपदा खाते, आराखडा करते नगररचना, परवाना देते महापालिका आणि पंचनामे येतात महसूल खात्याच्या वाट्याला. अशी विभागलेली जबाबदारी एकत्र बांधायची तर विकास आराखड्याच्या दर फेरआखणीआधी पूररेषा ताज्या नोंदींवरून तपासणे बंधनकारक करावे. निळ्या रेषेच्या आत मैदाने आणि बागांची आरक्षणे टाकावीत. जमीनमालकाला मोबदलाही द्यावा, नाहीतर तो रातोरात भराव टाकणारच. सातबारा आणि मिळकत पत्रिकेवर पूररेषेची नोंद आली, तर फ्लॅट घेणाऱ्याला ती दस्त नोंदवण्याआधीच दिसेल.