आधी शेजाऱ्याला विचारा



गावाकडच्या कॉलेजला कॉम्प्युटर पाठवायचा विषय इथे पार्सिपनीत निघाला की आपले हात लगेच खिशाकडे जातात. यंत्रं जरूर पाठवावीत. पण ती पोचल्यावर वर्गात काय होतं? आपल्यापैकी अनेकजण प्रोग्रॅमिंग कसं शिकले ते आठवा. सरांनी फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचा, तो वहीत उतरवायचा, प्रॅक्टिकलला तोच टाइप करायचा, जर्नलवर सही घ्यायची. आउटपुट आलं की विषय संपला!

पवईच्या आयआयटीत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी पहिल्याच प्रोग्रॅमिंग कोर्सच्या मोठ्या वर्गात वेगळं काही करून पाहिलं. शिक्षक प्रश्न घालतो. मुलं आधी एकेकटी विचार करतात, मग शेजाऱ्याशी बोलतात, शेवटी सगळा वर्ग चर्चा करतो. (पद्धत मूळची मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांची, १९८१ सालची.) दहा आठवड्यांत असे तेरा प्रश्न झाले. सरासरी ८३ टक्के मुलं कामात बऱ्यापैकी किंवा पूर्ण गुंतलेली दिसली, असं त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं.

आयआयटीची मुलं निवडून आलेली, हे खरं. गुंतणं म्हणजे शिकणं नव्हे, हेही खरं. तरी मला महत्त्वाची वाटते ती मधली पायरी. समजा, दिलेल्या संख्यांतली सर्वात मोठी शोधायची आहे. सुरुवातीला 'सर्वात मोठी' म्हणून शून्य धरलं, की सगळ्या संख्या ऋण असताना उत्तर चुकतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ही चूक दिसते, पण भर वर्गात इंग्रजीत सांगायला ती उठत नाही. शेजारणीला मात्र ती मराठीत सांगते, आणि मग दोघी मिळून हात वर करतात. वर्गात कोण बोलतं हा आपल्या मंचाचा जुनाच प्रश्न आहे.

याला यंत्र लागत नाही, पण चांगला प्रश्न लागतो. महाराष्ट्रात कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या पैशांवर, काम करतात. डोक्यावर सिलॅबस संपवायची घाई. असे प्रश्न रचायला त्यांनी वेळ कुठून आणायचा? आपण तर दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुकाच शोधत असतो! तेव्हा पुढच्या खेपेला कॉम्प्युटरसोबत प्रत्येकाने पाच छोटे प्रोग्रॅम द्यावेत, प्रत्येकात एकच चूक असलेले, प्रश्न मराठीत. उत्तरं वेगळ्या ईमेलने, फक्त शिक्षकांना.