हे पान बंद कोणी केले?



गर्भनिरोधनाची माहिती देणारे एक पान आमच्या केंद्रातल्या फोनवर उघडेना. दुसऱ्या कंपनीच्या फोनवर मात्र उघडत होते. ग्राहकसेवेला फोन लावला. अंक दाबून दाबून अखेर माणूस भेटला, तर म्हणाला, 'फोन बंद करून चालू करा.' २०१५ मध्ये सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करायला सांगितली, ती निदान गाजली तरी! एरवी २००९ चे नियमच अशा आदेशांबाबत गुप्तता पाळायला सांगतात. मग कंपनीने आपणहून अडवले की वरून हुकूम आला, हे बाईने कसे ओळखावे? तक्रारीचा क्रमांक मात्र मागूनच घ्या. समाधान झाले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते, शुल्क लागत नाही. आम्ही अर्ज केला आहे.