दुसऱ्या मॉनिटरआधी सीपीयूची पाठ पाहा

घरातल्या कॉम्प्युटरची पुढची बाजू सगळ्यांच्या ओळखीची असते. बटण कोणते दाबायचे, पेन ड्राइव्ह कुठे लावायचा, हे घरातले लहान पोरही सांगते. मागची बाजू मात्र भिंतीकडे तोंड करून धूळ खात असते. एकाच कॉम्प्युटरला दोन मॉनिटर जोडता येतील का, असे आम्हाला हल्ली बरेच जण विचारतात. त्याचे उत्तर त्या धुळीतच असते, म्हणून या वेळी तिकडेच जाऊ या.

दोन मॉनिटर म्हणजे शेअर बाजारवाल्यांचे किंवा गेम खेळणाऱ्या पोरांचे चोचले, असा समज आहे. आम्हाला विचारणाऱ्यांत मात्र जास्त संख्या घरी बसून टायपिंग आणि कंपोझिंग करणाऱ्या बहिणींची आहे. आमची एक जुनी विद्यार्थिनी इनपेजवर उर्दू आणि युनिकोडमध्ये मराठी कंपोझ करते. पानामागे पैसे मिळतात. हस्तलिखिताचे फोटो व्हॉट्सअॅपवर येतात. ती फोटो उघडते, एक ओळ वाचते, फोटो खाली घालवते, ओळ टाइप करते आणि पुन्हा फोटो वर आणते. एका पानात अशा तीस-चाळीस खेपा. मुले झोपल्यावर रात्री बसायचे आणि निम्मा वेळ या खेपांतच घालवायचा.

वेळेपेक्षा मोठे नुकसान चुकांचे. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत असतील, तर परत आलेली नजर खालच्या ओळीवर बसते आणि मधली ओळ गायब होते. हाताने किताबत करणाऱ्या कातिबांनाही हा रोग होता. त्यात उर्दूचे नुक्ते! ‘खुदा’ आणि ‘जुदा’ यांत फरक एवढाच की नुक्ता वर आहे की खाली. आठवणीवर भरवसा ठेवून टाइप केले की असे नुक्ते सरकतात. मूळ पान एका पडद्यावर स्थिर आणि टायपिंग दुसऱ्यावर, असे असेल तर नजर फक्त इकडून तिकडे जाते. प्रूफ कमी वेळा येते आणि तेच काम फुकटात दुरुस्त करत बसावे लागत नाही. म्हणून पानामागे कमावणाऱ्यांसाठी दुसरा मॉनिटर हा शौक नाही, असे आमचे मत आहे.

ही मुलगी दुकानात गेली तेव्हा तिला सांगण्यात आले, ‘मशीन जुनी आहे, ग्राफिक्स कार्ड टाकावे लागेल, नाहीतर नवा सेट घ्या.’ आम्ही तिला म्हटले, पैसे नंतर काढ, आधी सीपीयूच्या पाठीचा फोटो पाठव. फोटोत निळ्या सॉकेटात मॉनिटरची वायर होती. तिच्या खालीच प्लास्टिकच्या टोपणाखाली एचडीएमआयचे सॉकेट कोरेच्या कोरे होते. तिला लागणार होता फक्त एक मॉनिटर आणि एक केबल.

आता ही सॉकेटे ओळखू या. निळे, तीन रांगांत पंधरा भोके असलेले, दोन्ही बाजूंना स्क्रू लागणारे ते व्हीजीए. ते 1987 पासून आहे आणि अजूनही चालते. मात्र त्यातून जाणारे सिग्नल अॅनालॉग असल्याने केबल लांब किंवा हलकी असली की अक्षरांच्या कडेला सावली दिसते. पांढरे, रुंद, बऱ्याच भोकांचे ते डीव्हीआय. चपटे आणि खालचे कोपरे आत वळलेले ते एचडीएमआय, टीव्हीमुळे ते सगळ्यांना माहीत आहे. तसेच दिसणारे, पण एकच कोपरा कापलेले ते डिस्प्ले पोर्ट. याच्या बऱ्याच केबलींना छोटा खटका असतो. तो दाबल्याशिवाय केबल ओढली तर सॉकेट हलते, तेव्हा तिथे जोर करू नये.

मदरबोर्डावर अशी दोन सॉकेटे असतील, तर बहुतेक वेळा ती एकाच वेळी चालतात. पण एक गोष्ट नीट पाहावी लागते. यूएसबी आणि इंटरनेटच्या सॉकेटांच्या शेजारी जे आहे, ते मदरबोर्डाचे. त्यापासून बाजूला, खाली आडव्या पट्टीवर जे आहे, ते वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचे. कार्ड असेल तर दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडावेत. एक वर आणि एक खाली जोडला की बरेचदा वरचा काळाच राहतो, कारण कार्ड बसले की कित्येक मशीन मदरबोर्डाची सॉकेटे आपणहून बंद करतात. बायोसमध्ये जाऊन ती चालू करता येतात, पण ते माहितगाराकडून करून घ्यावे. शिवाय काही प्रोसेसरांत ग्राफिक्सची सोयच नसते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ हे अक्षर आहे, ते असेच. त्यांच्या मदरबोर्डावर सॉकेट असले तरी ते मुके. अशा वेळी दुकानदार कार्ड सांगतो ते खरे असते, त्याला उगाच बोल लावू नये.

सॉकेट एक आणि मॉनिटरचे तोंड दुसरे, अशी जोडी आली की कन्व्हर्टर लागतो. पैसे सर्वात जास्त इथेच वाया जातात. कन्व्हर्टरला दिशा असते. कॉम्प्युटरला डिस्प्ले पोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर साधी, स्वस्त केबल बहुधा चालते. उलट असेल, म्हणजे कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्ले पोर्ट, तर तीच केबल उलटी लावून काही होत नाही. त्याला आत चिप असलेला वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. एचडीएमआयमधून जुन्या व्हीजीए मॉनिटरला जायचे असले तरी चिपवालाच लागतो. दुकानात ‘एचडीएमआय-व्हीजीए’ एवढेच न म्हणता ‘कॉम्प्युटरला हे आहे, मॉनिटरला हे आहे’ असे फोटो दाखवून सांगावे.

आणि स्प्लिटर घेऊ नये. एका सॉकेटातून दोन तोंडे काढणारी ती डबी दिसते छान, पण ती दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवते. वर्गात मुलांना दाखवायला ती ठीक, कंपोझिंगला निरुपयोगी.

घरातला टीव्हीच दुसरा मॉनिटर म्हणून वापरावा का, असेही विचारतात. जोडला जातो, पण 32 इंची टीव्हींपैकी बऱ्याच टीव्हींची खरी क्षमता 1366 बाय 768 एवढीच असते. चित्र मोठे दिसते, पण नस्तालीकचे बारीक नुक्ते विरघळतात. काही टीव्ही तर चित्राच्या कडाही कापतात. त्यापेक्षा 22 इंचांचा, 1920 बाय 1080 क्षमतेचा वापरलेला मॉनिटर बरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे मॉनिटर मिळतात. चालू करून, एकदा पूर्ण पांढरा आणि एकदा पूर्ण काळा पडदा पाहून, मगच घ्यावा. पांढऱ्यावर डाग आणि जळालेले ठिपके दिसतात, काळ्यावर सतत उजळ राहणारे ठिपके.

जोडताना कॉम्प्युटर बंद करावा. एचडीएमआय चालू मशीनलाही लावता येते, पण व्हीजीएच्या पिना अंधारात घाईने लावताना वाकतात. मशीन सुरू झाल्यावर विंडोजचे बटण दाबून धरायचे आणि पी दाबायचा. चार पर्याय येतात. डुप्लिकेट म्हणजे दोन्हीकडे तेच, एक्स्टेंड म्हणजे दोन्ही मिळून एक मोठे टेबल. आपल्याला एक्स्टेंड हवे. ‘जोडले पण काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचे काम या एका शब्दावर अडलेले असते.

मग डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडावी. तिथे 1 आणि 2 असे चौकोन दिसतात. टेबलावर जो मॉनिटर ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला त्याचा चौकोन माउसने ओढून ठेवावा. नाहीतर माउस उजवीकडे नेला की तो डाव्या पडद्यावर निघतो आणि माणूस चक्रावतो. ज्यावर टायपिंग करायचे तो मॉनिटर निवडून मुख्य करावा. अक्षरे एकीकडे मोठी आणि दुसरीकडे बारीक दिसत असतील तर तिथेच स्केलचे टक्के बदलता येतात. खिडकी दुसऱ्या पडद्यावर पाठवायला विंडोज, शिफ्ट आणि बाण. ही कळ एकदा हाताला बसली की माउस सुटतो.

ज्यांच्याकडे वीज जाते त्यांनी यूपीएसचाही हिशेब करावा. या आकाराचा एलईडी मॉनिटर साधारण 20 ते 30 वॅट खातो. बिल फार वाढत नाही, पण बॅकअपची मिनिटे कमी होतात. यूपीएस जुना असेल तर दुसरा मॉनिटर सरळ भिंतीच्या प्लगला लावावा. वीज गेल्यावर मूळ पान दिसेनासे झाले तरी हरकत नाही, टाइप केलेले सेव्ह करायला मुख्य मॉनिटर पुरे.

राहता राहिली मांडणी. ज्यावर टायपिंग करायचे तो मॉनिटर अगदी समोर, हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. दुसरा त्याला चिकटून, थोडा आत वळवलेला. दोन्ही मॉनिटरांची उंची वेगळी असेल तर बुटक्याखाली जुनी वही-पुस्तके ठेवून कडा जुळवाव्यात, मान दिवसभर वर-खाली होत नाही. मूळ पान कोणत्या बाजूला ठेवायचे यावर आमच्या विद्यार्थिनीचे आणि आमचे जमले नाही. आमचे म्हणणे, उर्दूसाठी डावीकडे ठेवावे, कारण उर्दूची ओळ डावीकडे संपते आणि नजर तिथून सरळ शेजारच्या पानावर जाते. ती म्हणते, ‘सर, मला उजवीकडेच बरे पडते, ओळ सुरू करताना मूळ पान जवळ लागते.’ मराठीची ओळ उलट चालते, तिथे तिने पान डावीकडे ठेवले आहे. भाषा बदलली की ती डिस्प्ले सेटिंग्जला हात न लावता नुसत्या खिडक्यांची अदलाबदल करते.